तीन हात मुलूख

१

“देव हालला,” असे बायजा म्हणाली, आणि दोन सरकारांचे दोन अधिकारी पोट धरून हसले.

त्यांतले एक आमचे प्रांतसाहेब, म्हणजे इंग्रज सरकारचे. दुसरे नदीपलीकडच्या संस्थानचे कारभारी. एरवी चहात साखर किती घालावी यावरही या दोघांचे एकमत झाले नसते. पण एका नारळ विकणाऱ्या बाईला हसायचे म्हटल्यावर दोन्ही राज्यांची तत्काळ एकी झाली.

मी शिवदास, मोजणी खात्यातला मोजणीदार. साखळी आणि छत्री घेऊन मला अलिबागहून बोलावले होते. अठ्ठावीस वर्षे मी सरकारची जमीन मोजली. तेवढ्या काळात सरकारी माणसांचेही माप मला कळले आहे आणि ते फारसे भरत नाही.

सांबरी नदीवरचा हा पूल जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा. खाली दगडी खांब, वर वीतभर रुंदीच्या लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना कठडे. उत्तर टोकाला आमची पोलीस चौकी, दक्षिण टोकाला संस्थानचा जकातनाका. मध्ये कुठेतरी एक राज्य संपून दुसरे सुरू होते. ते कुठे, हे दाखवायला फळ्यांवर गुडघाभर उंचीचा एक दगड ठेवलेला. साहेब लोकांनी ठेवला तेव्हा तो हद्दीचा दगड होता. गावकऱ्यांनी वर्षभरात त्याला शेंदूर फासून राखणदार केले. पलीकडे वरात जायची असो की आजारी माणूस, दगडापुढे नारळ फोडल्याशिवाय कोणी हद्द ओलांडत नाही.

भानगड अशी होती. साल १९३०, मे महिना. मिठागरात राबणारा मोरू आगरी खाडीकाठी उघड्यावर मीठ करताना सापडला आणि पुलावरून संस्थानात पळाला. आमच्या चौकीतल्या काळूराम हवालदाराने त्याला दुपारी तीनला पुलावरच गाठून लाठीने आडवा केला. पहिला फटका चुकून कठड्याचा खांब फुटला होता. मोरू त्या फुटक्या खांबापाशीच पडला, हे दोन्ही बाजूंना कबूल होते. आता खांब दगडाच्या अलीकडे असेल तर मोरू आमच्या हद्दीत सापडला. मीठ करणे आणि हवालदाराच्या हाताला चावणे मिळून दोन वर्षांची सक्तमजुरी. खांब पलीकडे असेल तर इंग्रजी हवालदाराने परक्या राज्यात घुसून माणूस धरला. मोरूला सोडणे भाग. गावाने ओरड केली आणि त्याच दिवसापासून पूल दोन्ही टोकांनी बंद झाला.

“मोरू देवाच्या पल्याड गेलावता,” बायजा सांगत होती. “म्या ह्या डोल्यांनी बघितलं. तवा त्यो खांब देवाच्या पल्याडच व्हता. आता देवच पल्याड गेलाय.”

मी पाहिले. दगड फुटक्या खांबाच्या चांगला दीड हात दक्षिणेला उभा होता. खालच्या फळ्यांवर तेलाचे जुने काळे डाग, शेंदराचे ओघळ, नारळ आपटून पडलेले खड्डे. पुढ्यात नारळाचे एक अर्धुक उन्हात वाळत पडलेले.

“एवढे डाग एका दिवसात पडतात होय?” कारभारी म्हणाले. “दगड पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहे.”

पूल बांधून सोळा वर्षे झाली होती.

“कागद काय म्हणतो?” मी विचारले.

संस्थानच्या फायलीला वाळवी लागली होती. आमच्या फायलीत ‘तपशिलासाठी संस्थानची फाईल पाहावी’ असे लिहिले होते.

“संध्याकाळपर्यंत मोजून दाखला द्या,” प्रांतसाहेब म्हणाले. “पाच वाजता कैदी अलिबागला रवाना होईल.”

चौकीच्या पायरीशी एक तरुण बाई बसली होती. मोरूची बायको राही. तीन दिवस ती तिथून उठली नव्हती. तिने मला एकच प्रश्न विचारला.

“सुटंल का ओ?”

२

आधी मी संस्थानच्या नाक्यावर गेलो. नाकेदार दत्तात्रेयपंतांनी माझे फार अगत्याने स्वागत केले. अगत्य दाखवणाऱ्या सरकारी माणसापासून मी चार पावले लांब राहतो, पण पोटात कावळे ओरडत होते.

“मंडळी माहेरी आहेत,” पंत म्हणाले. “म्हणून आपले दडपे पोहेच. चूल पेटवायला नको.”

पोहे उत्तम होते. पातळ पोहे, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर ओले खोबरे. मी दोनदा मागून खाल्ले. खोलीत सगळे जागच्या जागी. भिंतीला खोकी उघडायची पहार आणि हातोडा. खिडकीत खवून रिकामी केलेली अर्धी करवंटी वाळत ठेवलेली. या माणसाच्या घरातून काही वाया जात नसावे.

“त्या दगडाचं काय म्हणता?” मी विचारले.

“दगड आहे तो. दगड!” पंत तुच्छतेने म्हणाले. “हे अडाणी लोक त्याला तेल घालतात, कोंबडी दाखवतात. मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला माणूस. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.”

“मोरूला धरताना तुम्ही कुठे होतात?”

“इथेच, नाक्याच्या दारात.”

“मग तुम्हाला दिसलंच असेल, तो अलीकडे होता की पलीकडे.”

पंतांनी ताटलीतला शेवटचा पोहा बोटाने टिपला. “उन्हाची तिरीप होती डोळ्यांवर. नीट दिसलं नाही.”

दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर मे महिन्यात दुपारी उन्हाची तिरीप कशी येते, हे मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवले नव्हते.

३

काळूराम हवालदार साताऱ्याकडचा. मिशा ऐटदार, पण उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. मोरूने दातांनी लचकाच तोडला होता.

“दगडाच्या अलीकडंच धरला की मी,” तो घोकल्यासारखे म्हणाला.

“त्याच दिवशी लिहिलेल्या रिपोर्टात तुम्ही नुसतं ‘पुलावर धरला’ असं लिहिलंय. अलीकडे हा शब्द दुसऱ्या दिवशी सुचला?”

त्याने मान खाली घातली. मी त्याला दगडापर्यंत चला म्हटले, तर तो चौकीतून हलेना.

“साहेब, खरं सांगू? मी त्याला ठाण्यावर घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन परत आलो, तर दगड तिथं. माझ्या सोयीचं झालं, मी गप बसलो. पण मी त्याला शिवलो न्हाई. हा हात बघा. ह्या हातानं मला भाकरी मोडता येत न्हाई, अर्ध्या मणाचा दगड कसा उचलू?”

खोटे बोलण्याइतके धैर्यही त्याच्यात उरले नव्हते. त्याच्या गैरहजेरीत चौकी रिकामी होती, पूल दोन्ही टोकांनी बंद होता, आणि बायजाही दुपारी जेवायला घरी जात होती. म्हणजे वेळ कोणालाही मिळाला असता.

तिसरा उरला भागोजी सुतार. पुलाच्या फळ्या सोळा वर्षांपूर्वी त्यानेच बसवल्या, डागडुजीही तोच करतो. मोरू त्याच्या मुलाबरोबर वाढलेला. मोरूला अडकवून त्याला काही मिळणार नव्हते. पण दगड हललाच असेल तर प्रांतसाहेबांचा संशय त्याच्यावरच. गरीब माणूस समोर असला की साहेबांचा संशय लांब जायचे कष्ट घेत नाही.

मी भागोजीला दगडाजवळ नेले. तो वाकला, फळीवरच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा आंबट झाला.

“हे माज्या हातचं न्हाय. खिले वाकडे ठोकलेत. एक तर डोक्यावर चेंगारलाय. कोन मारला ह्यो खिला? त्याला लाज न्हाय वाटली?”

देव हलला याचे त्याला इतके वाईट वाटले नव्हते जितके त्या खिळ्याचे.

“भागोजी, फळ्या बसवताना तू ओळखायचास कशा? सगळ्या सारख्याच तर आहेत.”

“सारख्या कुटं? परत्येक फली तिच्या जागंपुरती तासल्याली. खाल्ल्या अंगाला खुना केल्यात. धाला फुली, एकाला रेघ. तुमच्या काठापास्नं मोजीत गेलो. पन वरनं न्हाय दिसायच्या.”

“मग कुठून दिसतील?”

भागोजीने खाली नदीकडे बोट दाखवले. भरती चढत होती.

४

होडी राहीने हाकली. दुसरे कोणी यायला तयार नव्हते. सरकारी कामात पडून कोणाचे भले झाल्याचे त्या काठाला आठवत नव्हते.

“तुमी खाली काय बघनार?” तिने विचारले.

“तुझा नवरा कुठे पडला ते.”

“त्ये मी सांगत्ये की. मी बघितलंय.”

“तुझं बघणं कागदावर चालत नाही, बाई.”

“मंग कुनाचं चालतं?”

चढत्या भरतीच्या पाण्याने होडी पुलाच्या पोटाशी नेऊन टेकवली. डोके वर केले की फळ्या हाताला लागत होत्या. पटाशीने कोरलेल्या खुणा शेवाळ पुसल्यावर लख्ख दिसू लागल्या. काठापासून मी एकेक मोजत आलो. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. तीन फुल्या, रेघ नाही.

पुढच्या फळीवर तीन फुल्या आणि एक रेघ हवी होती. होत्या तीन फुल्या आणि सात रेघा.

सदतीस. मग अडतीस, एकोणचाळीस. मग एकदम चौतीस, पस्तीस, छत्तीस. आणि त्यांच्यानंतर, फुटक्या खांबाच्या दक्षिणेला, बरोबर दगडाच्या खाली, तीन फुल्या एक रेघ. एकतीस, बत्तीस, तेहतीस. तिथून पुढे चाळीसपासून सगळे सुरळीत.

“थांबव,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

कोणीतरी दगडाखालच्या तीन फळ्या उखडून सहा फळ्या पुढे नेल्या होत्या, तिथल्या तीन मागे आणून बसवल्या होत्या, आणि दगड पुन्हा त्याच्याच डागांवर उभा केला होता. सहा विती. तीन हात.

राहीला मी ते सांगितले. तिला फुल्या-रेघांचे काही कळले नाही, पण एक कळले.

“म्हंजे मोरू पल्याड व्हता.”

“पलीकडे होता. आता हे कोणी केलं ते मला पाच वाजायच्या आत सांगता आलं पाहिजे. नाहीतर साहेब म्हणतील, सुताराच्या खुणा सुतारानेच चुकवल्या.”

वर चौकीच्या घड्याळात साडेतीनचा टोल पडला.

५

मला एकच गोष्ट खुपत होती. दगड नुसता उचलून तीन हात पुढे ठेवता आला असता. डाग झाकायला तिथे तेल ओतले की झाले. साहेब लोक खाली वाकून बघणारे नव्हेत. मग मे महिन्याच्या उन्हात सहा फळ्या उखडून पुन्हा ठोकायचा उपद्व्याप कोण करील?

मी पुलाच्या टोकाशी बायजाच्या टोपलीपाशी बसलो.

“बायजाबाई, हा देव दुसरीकडे न्यायचा झाला तर कसा नेतात?”

तिने कानाला हात लावला. “देवाला असा न्हाय उपटायचा. बैठकीसकट न्यायचा. ज्या फलीवर तेल सांडलं, ती त्येची बैठक. आदी नारल द्यायचा, गाऱ्हानं घालायचं. अर्धा त्येच्यापुडं ठेवायचा, अर्धा घरी न्यायचा, खायचा. न्हायतर राखनदार पाठ सोडीत न्हाय.”

म्हणजे ती चलाखी नव्हतीच. तो भित्रेपणा होता. दगड हलवणारा मनुष्य दगडाला घाबरत होता. हवालदारही घाबरत होता, पण त्याचा हात जायबंदी. भागोजीला रीत माहीत होती, पण तसले खिळे ठोकण्यापेक्षा त्याने हात तोडून घेतला असता.

“पूल बंद झाल्यापासून तुझे किती नारळ खपले?”

“कुटं खपतात? मानूसच न्हाय. दिवेआगरास्नं आनल्याले तशेच पडलेत टोपलीत. योकच गेला. नाकेदारसायब सोता आलेवते, चटनीला म्हनून. सोलून देऊ का इचारलं, तर नको म्हनाले. शेंडी असू दे म्हनाले.”

चटणीसाठी नारळ घेणारा माणूस शेंडी ठेवून घेत नाही. देवाला देणारा ठेवतो.

आणि तेव्हा मला सकाळचे दडपे पोहे आठवले. मी दोनदा मागून खाल्ले होते.

६

पाच वाजता पुलावर सगळे जमले. मोरूला हातकड्या घालून आणले होते. पाय सुजून टम्म झालेला, तरी मान वर. मी आधी भागोजीकडून फळ्या उचलवून त्यांचे पोट साहेबांना दाखवले. दोघांनी माना डोलावल्या आणि दोघांनी भागोजीकडे पाहिले.

“ह्यानेच केलं असणार,” प्रांतसाहेब म्हणाले.

“एक मिनिट,” मी म्हणालो. दगडापुढचे वाळलेले अर्धुक उचलले. मग नाक्यावर गेलो आणि पंतांच्या खिडकीतली करवंटी घेऊन आलो. पंत मागोमाग धावत आले.

“माझ्या घरातली वस्तू—”

मी दोन्ही अर्धुके एकमेकांना लावली. एका बाजूला करवंटीचा दात होता, दुसऱ्या बाजूला त्या दाताची खाच. कंगोरा कंगोऱ्यात बसला आणि नारळ पुन्हा अख्खा झाला. कारभाऱ्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. जोड शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला.

“बंद पुलावर हा नारळ कोणी दिला, पंत?”

“त्यात काय?” पंतांना घाम फुटला होता. “असेल मी दिला. नारळ देणं गुन्हा आहे?”

“सकाळी म्हणालात, तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.”

“नाहीच पाहत! दगड आहे तो!”

“मग त्याच्यावर पाय ठेवा.”

दत्तात्रेयपंत पुढे आले. कारभारी बघत होते, प्रांतसाहेब बघत होते, बायजा तोंडाला पदर लावून बघत होती. पंतांनी उजवा पाय उचलला. तो गुडघ्याएवढा वर आला आणि तिथेच लटकत राहिला. मग पंतांनी तो हळूच खाली ठेवला, आधी वहाणा काढून. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

“मला काही करायचं नव्हतं हो,” ते रडकुंडीला येऊन म्हणाले. “हवालदारानं माझ्या डोळ्यांदेखत आमच्या हद्दीत येऊन माणूस बडवला आणि मी ब्र काढला नाही. ते कळलं असतं तर बढतीचं काय झालं असतं? महालकरीपदाचा हुकूम निघायचा आहे. म्हटलं, माणूस त्यांच्या हद्दीत गेला की प्रश्नच मिटला.”

सूड नाही, हाव नाही, वैर नाही. तक्रार लिहायचा कंटाळा आणि बढतीची आशा, एवढ्यासाठी या मॅट्रिकवाल्याने एका माणसाची दोन वर्षे आणि आपल्या धन्याचा तीन हात मुलूख परक्याला देऊन टाकला होता. शिवाय देवाला नारळ देऊन उरलेले खोबरे मला खाऊ घातले होते. खुनी माणसाशी मी एक वेळ बोलेन. याच्या तोंडाकडे बघवेना.

कारभारी संतापाने लाल झाले. मोरूच्या पायाबद्दल नव्हे. “संस्थानचा मुलूख!” ते ओरडले. “तीन हात!”

७

भागोजीने फळ्या जागच्या जागी बसवल्या. दगड उचलायच्या आधी कारभाऱ्यांनी बायजाकडून गुपचूप एक नारळ घेतला. प्रांतसाहेबांनी दुसरा घेतला. दोघेही सकाळी हसले होते.

मोरूच्या हातकड्या काढल्या. हवालदाराने त्याला दगडापर्यंत आणला आणि सोडला. मोरू लंगडत एक पाऊल पलीकडे गेला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि राहीकडे बघून हसला.

राही धावली. तिने त्याचा हात धरला आणि उत्तरेकडे, गावाकडे वळली.

“थांब,” प्रांतसाहेब म्हणाले. “तो तिकडे आहे तोवर आमचा त्याच्याशी संबंध नाही. दगडाच्या अलीकडे पाय टाकला की पुन्हा धरू. मीठ केल्याचा गुन्हा आहेच. त्याला मागवून घ्यायचं तर कागद दोन्ही दफ्तरांतून फिरला पाहिजे, त्याला वर्ष लागेल. तोवर त्याने तिकडेच राहावं.”

“आमचं घर ह्या अंगाला हाय,” राही म्हणाली. “मिठागर ह्या अंगाला. म्हातारी ह्या अंगाला.”

“कायदा आहे, बाई,” साहेब म्हणाले, आणि छत्री उघडून चहाकडे गेले. कारभारीही गेले. पंतांना मध्ये घालून नेले. हवालदार मात्र दगडाच्या अलीकडे पाय रोवून उभा राहिला. आता त्याला हद्द कुठे आहे ते पक्के ठाऊक झाले होते, आणि ते मीच मोजून दिले होते.

मी साखळी गुंडाळू लागलो. सकाळपासून मी प्रत्येकाला मनात शिव्या घालत होतो आणि माझ्याइतका शहाणा त्या काठावर दुसरा नाही असे मला वाटत होते. राही माझ्याजवळ आली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. काम सांगायला आल्यासारखी आली होती.

“भाऊ, नाकेदारानं देव तीन हात न्हेला, तर दोन सरकारं आली. तुमाला तर मोजता येतं. त्यो आमच्या घराच्या पल्याड न्या ना, म्हंजे मोरू घरी येल. नारल मी देत्ये.”

तिचे घर काठापासून पाचशे हातांवर होते. पुलावरून दिसत होते. अंगणात म्हातारी उभी होती, आणि कोण येते आहे ते पाहायला तिने डोळ्यांवर आडवा हात धरला होता.

मी साखळी गुंडाळतच राहिलो. मग राहीने बायजाच्या टोपलीतला एक नारळ उचलला, दगडापुढे फोडला, अर्धा तिथे ठेवला, आणि घरी न्यायचा तो अर्धा हद्दीपलीकडे उभ्या असलेल्या मोरूच्या हातात दिला.